हमिंगबर्डसाठी पहिला फीडर लावताना

न्यू जर्सीत लाल गळ्याचे हमिंगबर्ड, म्हणजे फुलांतला मध पिणारे चिमुकले पक्षी, एप्रिलच्या अखेरीस येतात, म्हणून फीडर (भोकांतून साखरपाणी पिता येईल असं टांगतं भांडं) 20 एप्रिलच्या सुमारास टांगा. सुरुवातीला मिश्रण तेवढं नीट जमवा:

– एक वाटी साधी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. विरघळवून पूर्ण गार करा.
– मध, गूळ, ब्राऊन शुगर नको. मधाच्या पाण्यात बुरशी झपाट्याने वाढते; गूळ आणि ब्राऊन शुगरमधलं लोह या पक्ष्यांना बाधतं.
– खायचा लाल रंगही नको. फीडरचा लाल भाग पुरेसा असतो.

खरी चूक होते ती स्वच्छतेत. नवखे लोक बाटली काठोकाठ भरतात आणि संपेपर्यंत हात लावत नाहीत. पारा 30 अंशांवर गेला की हे पाणी दोन दिवसांत आंबतं. उजेडाकडे धरून बघा: गढूळ वाटलं, तार आली किंवा भोकांच्या कडेला काळे ठिपके दिसले, की ओतून द्या आणि भोकं गरम पाण्याने, बारीक ब्रशने आतून घासा. म्हणूनच पहिला फीडर बशीच्या आकाराचा, पूर्ण उघडणारा घ्या. अर्धाच भरा.

मुंग्या आल्या तर तारेला तेल लावू नका, ते पिसांना चिकटतं. आपण कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतो, तीच युक्ती इथे चालते: फीडरच्या वर टांगायची पाण्याची वाटी मिळते. बागेत कीटकनाशक अजिबात नको. बारीक किडे आणि कोळी भरवूनच हमिंगबर्डची मादी पिल्लं वाढवते.

पहिले दोन आठवडे कुणी फिरकलं नाही तरी पाणी बदलत राहा, येतील. सप्टेंबरमध्ये फीडर घाईने काढू नका. त्याने स्थलांतर अडत नाही. दिवस लहान झाले की ते निघतातच. शेवटचा पक्षी दिसल्यावर आणखी दोन आठवडे राहू द्या.