वाचकांचे प्रश्न : देवाला हाडं, गावाला वाटा

प्राचीन ग्रीसमधला देवधर्म आणि नगरकारभार यांवर आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. ग्रीकांची नगरराज्यं शेकड्यांनी होती आणि रिवाज गावागणिक बदलत. म्हणून उत्तरं मुख्यतः इसवी सनापूर्वीच्या पाचव्या-चौथ्या शतकातल्या अथेन्सपुरती आहेत. तिथले शिलालेख सर्वांत जास्त हाती लागले आहेत.

ग्रीक लोक देवाला हाडं आणि चरबी देऊन मांस स्वतः खात, हे खरं का? बळी देण्याची नेमकी रीत काय होती? (कराड)

खरं आहे, आणि त्यांना स्वतःलाही ते जरा खटकत असावं. प्रोमिथिअस या पुराणपुरुषाने देवांचा राजा झ्यूस याला फसवून चरबीत गुंडाळलेली हाडं निवडायला लावली, ही कथा त्याचाच खुलासा करते.

आता रीत. जनावर अव्यंग हवं. त्याच्या गळ्यात माळा घालत. गाय-बैल असेल तर शिंगांना सोन्याचा वर्खही लावत. मिरवणुकीच्या पुढे एक कुमारिका डोक्यावर टोपली घेऊन चाले. टोपलीत सातूचे दाणे आणि त्यांच्याखाली सुरी. वेदी देवळाच्या आत नसे, समोर उघड्यावर असे. देऊळ हे मूर्तीचं घर, पूजेची जागा अंगणात. वेदीपाशी सगळे हातावर पाणी घेत आणि थोडं जनावराच्या डोक्यावर शिंपडत. मग प्रार्थना, आणि मूठमूठ सातू वेदीवर व जनावरावर टाकायचे. कपाळावरचे थोडे केस कापून विस्तवात टाकले की बळीला सुरुवात झाली.

मोठ्या जनावराला आधी कुऱ्हाडीचा घाव घालून खाली पाडत, मग गळा चिरत. त्या क्षणी बायका मोठ्याने आरोळी देत. रक्त भांड्यात धरून वेदीवर शिंपडायचं. पाणी पडल्यावर जनावर मान हलवतं आणि तीच त्याची ‘संमती’, असं बऱ्याच पुस्तकांत वाचायला मिळतं. यावर फार भार देऊ नये. डोक्यावर गार पाणी पडलं की कुठलंही जनावर मान झटकणार. ते धडधाकट आणि जागं आहे एवढंच त्यातून कळतं, असं आता बरेच अभ्यासक मानतात.

पुढचं काम खाटकाचं. त्याला ‘मागेइरोस’ म्हणत, आणि आचारी, खाटीक व बळी देणारा या तिघांसाठी हाच एक शब्द होता. मांड्यांची हाडं सोलून चरबीत गुंडाळायची, त्यांवर धूप टाकायचा, वाइन ओतायची आणि ती वेदीवर जाळायची. शेपटी माकडहाडासकट विस्तवावर ठेवत. ती वर वळली तर शकुन चांगला. आधुनिक काळात हे करून पाहिलं आहे : उष्णतेने शेपटी खरोखरच वर वळते. थोडक्यात, हा शकुन सहसा मिळणाराच होता. यकृत मात्र बारकाईने पाहत. त्याची एक पाळी नसली तर अपशकुन, आणि लढाईच्या तोंडावर असा बळी निघाला की दुसरं जनावर आणवत.

काळीज, यकृत, फुप्फुसं, मूत्रपिंडं सळयांवर भाजून वेदीजवळच्या मोजक्या लोकांनी तिथेच खायची. बाकीचं मांस हंड्यांत शिजवून वाटायचं.

हे वाटे कोण करायचं? सर्वांना सारखे मिळत का? (नाशिक)

मानाचे वाटे आधी, उरलेले सारखे. आपल्याकडच्या जत्रेतले मानकरी आठवा.

इसवी सनापूर्वी ३३५ च्या आसपासचा एक कायदा दगडावर कोरलेला मिळाला आहे. तो अथेना देवीच्या दरवर्षीच्या, म्हणजे ‘लहान’ पानाथेनाइआ उत्सवाचा आहे. एका जमिनीच्या खंडातून आलेल्या ४१ मिनांच्या, म्हणजे ४१०० द्राख्मांच्या गाई विकत घ्यायच्या. त्यांतल्या देखण्या गाईंपैकी एक अथेना नायकीला (विजयदेवी या रूपातली अथेना), बाकीच्या अथेनाच्या मोठ्या वेदीवर. एका आधीच्या बळीच्या मांसातले ५ वाटे नगराचा रोजचा कारभार पाहणाऱ्या परिषदेच्या त्या वेळच्या कार्यकारी सदस्यांना, ३ वाटे नऊ आर्खोनांना (वर्षापुरते नेमलेले वरिष्ठ अधिकारी), १ देवीच्या खजिनदारांना, १ उत्सवाच्या व्यवस्थापकांना, ३ सेनापती आणि टोळीनायकांना (टोळी म्हणजे नागरिकांच्या दहा विभागांपैकी एक). गाईंचं मांस मात्र केरामेइकोस भागात जनतेला वाटायचं, आणि तेही गावागणिक : ज्या गावाने मिरवणुकीत जितकी माणसं पाठवली, त्या प्रमाणात. हजेरीसाठी याहून सोपं आमिष शोधून सापडलं नसतं!

कधी मांस घरी न्यायलाच बंदी असे. एर्खिआ गावाच्या बळींच्या यादीत काही नोंदींपुढे ‘बाहेर न्यायचं नाही’ असं कोरलं आहे. तिथेच बसून संपवायचं.

एवढा खर्च कोण करत असे? (पणजी)

एर्खिआचीच यादी घ्या. चौथ्या शतकातली आहे, पाच उभ्या रकान्यांत. प्रत्येक रकान्यातली बेरीज जवळजवळ सारखी यावी अशी बेताने मांडलेली, म्हणजे पाच जणांनी खर्च वाटून घ्यायची सोय. दरही लिहिले आहेत : डुकराचं पिल्लू ३ द्राख्मा, मेंढी १०, मेंढा १२. त्याआधीच्या पिढीत एरेख्थेइओन मंदिराच्या बांधकामावर कारागिराला दिवसाला १ द्राख्मा मिळत होता. म्हणजे एक मेंढा बारा दिवसांच्या मजुरीचा.

नगराच्या बळींचा खर्च नगराच्या तिजोरीतून होई आणि कातडी विकून आलेला पैसा परत तिजोरीत जाई. ३३४ ते ३३० या वर्षांचे कातडीविक्रीचे हिशेब उत्सवनिहाय कोरलेले आहेत. देवीचा खजिना वेगळा, पण त्याची दारं नगराला उघडी होती. अथेन्स आपल्या मित्रराज्यांकडून जी खंडणी घेई, तिचा साठावा हिस्सा ४५४ पासून अथेना देवीला जाई. स्पार्टाविरुद्धच्या पेलोपोनेशियन युद्धात नगराने याच देवीकडून कर्ज काढलं, व्याज लावून, आणि तपासनिसांनी ते व्याज दिवसागणिक मांडून दगडावर कोरलं. देवीच्या सोन्याच्या मूर्तीवरचा ४० टॅलंट (सुमारे एक टन) वजनाचा पत्रा सुटा करता येईल असा बसवला होता. अथेन्सचा नेता पेरिक्लीस याने सभेत तोही अडीअडचणीच्या साधनांत धरला, मात्र वापरला तर तितकाच परत घालण्याच्या अटीवर.

पुजारी कोण होत? त्यासाठी शिक्षण लागे का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

शिक्षण नाही, दीक्षा नाही, धर्मग्रंथ तर नाहीच. पुरोहिताचा वेगळा वर्गच नव्हता. शरीर अव्यंग असावं, नागरिक घराण्यातला जन्म असावा, एवढ्यावर बहुतेक ठिकाणी भागे. साधारणपणे देवाला पुरुष आणि देवीला स्त्री.

काही पदं वंशपरंपरेची होती. नगराची मुख्य देवी अथेना पोलिआस हिची पुजारीण एका ठरावीक घराण्यातूनच येई. पाचव्या शतकात अथेना नायकीसाठी मात्र नवी पद्धत आली : सर्व अथेनियन स्त्रियांमधून चिठ्ठी टाकून निवड. तिला वर्षाला ५० द्राख्मा आणि सार्वजनिक बळींचे पाय व कातडी. पुढे आशिया मायनरच्या किनाऱ्यावरच्या नगरांत पौरोहित्याचे चक्क लिलाव होऊ लागले.

आणि अथेन्समध्ये पुजारी-पुजारिणींनाही हिशेब द्यावा लागे, इतर अधिकाऱ्यांसारखाच. मला विचाराल तर तिथल्या देवधर्माबद्दल सर्वांत बोलकी गोष्ट हीच आहे.

जन्मदाखला नव्हता, तर नागरिक आहोत हे कसं सिद्ध करत? (ठाणे)

बळी देऊन आणि साक्षीदार आणून.

४५१ चा पेरिक्लीसचा कायदा सांगतो की आई आणि बाप दोघंही अथेनियन हवेत. हे ठरवणार कोण? पहिली पायरी ‘फ्रात्रिआ’. मराठीत याला भावकी म्हणणं सर्वांत जवळचं. शरद ऋतूतल्या आपातुरिआ सणाच्या तिसऱ्या दिवशी बाप मुलाला भावकीपुढे आणि बळीचं जनावर वेदीपाशी आणी. कुणाची हरकत असेल तर त्याने ते जनावर वेदीवरून दूर न्यायचं. बळी अडला म्हणजे मुलाचा प्रवेश अडला. नगरातला नागरिकत्वाचा वाद असा वेदीवर मिटे.

डेकेलिआ गावच्या एका भावकीचा ३९६ चा ठराव मिळाला आहे, आणि त्यात पुजाऱ्याचा मान नेमका दिला आहे. लहानपणीच्या बळीला मांडी, बरगडीचा भाग, कान आणि ३ ओबोल. वयात येतानाच्या बळीला तेच तीन भाग, शिवाय एक खोईनिक्स पिठाची पोळी, अर्धी कोटिली वाइन आणि १ द्राख्मा. (६ ओबोलांचा १ द्राख्मा, खोईनिक्स म्हणजे माणसाचा दिवसाचा धान्याचा शिधा, कोटिली साधारण पाव लिटर.)

अठराव्या वर्षी गावाच्या यादीत नाव चढे. पुढे आर्खोन म्हणून निवड झाली की परिषदेपुढे प्रश्नोत्तरं : बापाचं नाव काय, गाव कोणतं, आईचा बाप कोण, तुझ्या घरी अपोलो पात्रोओस (पूर्वजांचा अपोलो) आणि अंगणातला झ्यूस आहे का, त्यांची ठाणी कुठे आहेत, कुळाच्या कबरी कुठे आहेत, आईबापांशी नीट वागतोस का, मोहिमांवर गेला होतास का. देव, पितर, पोटगी आणि लष्करी चाकरी, सगळं एकाच दमात. मग आगोरा चौकातल्या एका शिळेवर उभं राहून शपथ. शपथ मोडली तर सोन्याचा पुतळा वाहायचा. ही शिळा १९७० मध्ये उत्खननात सापडली आणि ती आजही जागेवर आहे.

नागरिकांच्या सभेची सुरुवात प्रार्थनेने होई का? (नागपूर)

आधी डुकराच्या पिल्लाने. कापलेलं पिल्लू प्निक्स टेकडीवरच्या बैठकीभोवती फिरवून जागा शुद्ध करत, मग धूप, मग दवंडीवाल्याची प्रार्थना, आणि त्यानंतर जनतेला फसवणाऱ्या वक्त्याला शाप. विषयपत्रिकेतही देवाचा वाटा राखीव होता. काही सभांत तीन विषय देवकार्याचे, तीन दूत आणि वकिलातींचे, तीन इतर, असा क्रम ठरलेला असे.

त्यांचं पंचांग कसं होतं? आपल्यासारखा अधिक महिना होता का? (सांगली)

होता. त्यांचा महिनाही महाराष्ट्रातल्या अमान्त महिन्यासारखा अमावास्येनंतर सुरू होई, २९ किंवा ३० दिवसांचा. बारा महिन्यांचे ३५४ दिवस. सौर वर्षाशी मेळ घालायला अधूनमधून एक महिना दुसऱ्यांदा घेत, बहुधा हिवाळ्यातला पोसेइदेओन. फरक असा की आपला अधिक मास सूर्यसंक्रांतीच्या गणिताने ठरतो, त्यांचा अधिकारी ठरवत. सणाची तयारी झाली नसेल तर मधे दिवस घालायचीही मुभा. ॲरिस्टोफनीसच्या एका नाटकात चंद्रदेवी तक्रार करते की अथेनियन लोक दिवसांचा घोळ घालतात आणि बळीच्या दिवशी देवांना उपाशी घरी परतावं लागतं.

महिन्याचे शेवटचे दहा दिवस उलटे मोजत. शेवटच्या दिवसाचं नाव ‘जुना आणि नवा’, आणि देणेकऱ्यांना तो फार जाची.

याच्या जोडीला परिषदेचं दुसरं पंचांग. दहा टोळ्या आळीपाळीने परिषदेचं काम पाहत : पहिल्या चार पाळ्या ३६ दिवसांच्या, पुढच्या सहा ३५ च्या. बेरीज तीच, ३५४. कारभाराची तारीख या पंचांगावर, सणांची पहिल्यावर.

सोयर-सुतक पाळत का? (कुडाळ)

पाळत. मयत झालेल्या घराबाहेर पाण्याचं भांडं ठेवत आणि ते पाणी दुसऱ्या घरून आणत, कारण त्या घरचं पाणी विटाळलेलं. बाहेर पडणारा ते अंगावर शिंपडून घेई. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या किरीनी नगराच्या नियमांत बाळंतिणीच्या घरात असलेल्याला तीन दिवस सोयर सांगितलं आहे. सर्वांत टोकाचं उदाहरण अपोलोच्या पवित्र डेलोस बेटाचं. ४२६ च्या हिवाळ्यात अथेनियनांनी तिथल्या सगळ्या कबरी उकरून काढल्या आणि पुढे बेटावर जन्म आणि मृत्यू दोन्हींना बंदी केली. दिवस भरलेली बाई आणि मरणाला टेकलेला माणूस, दोघांनाही शेजारच्या रिनेआ बेटावर न्यायचं.

धर्मग्रंथ नव्हता, मग सॉक्रेटिसवर पाखंडाचा खटला कसा भरला? (लातूर)

आरोपाचा शब्द नीट पाहायला हवा. ‘नगर ज्या देवांना मानतं त्यांना हा मानत नाही, नवी दैवतं आणतो, आणि तरुणांना बिघडवतो.’ इथल्या ‘मानणं’ या शब्दात मनातली श्रद्धा आहे, पण त्याहून जास्त रीत आहे : मान देणं, चालीप्रमाणे वागणं. पाखंडाची कायदेशीर व्याख्याच नव्हती. ती त्या दिवशीच्या पंचांनी ठरवायची. सुमारे ५०० पंच, चिठ्ठीने निवडलेले सामान्य नागरिक. आणि सरकारी वकील नव्हता. फिर्याद कुणाही नागरिकाने करायची, पण पंचांची एकपंचमांश मतं मिळाली नाहीत तर त्यालाच १००० द्राख्मा दंड. म्हणून अशा फिर्यादी चेष्टेने होत नसत. ३९९ च्या या खटल्याआधी नगराने युद्ध हरलं होतं, तीस हुकूमशहांची राजवट सोसली होती, आणि त्या तिसांतला क्रितिआस सॉक्रेटिसच्या बैठकीतला होता. ४०३ च्या माफीमुळे जुनी राजकीय प्रकरणं उकरून काढता येत नव्हती. देवाचं प्रकरण काढता येत होतं.

देहदंड ठरला, पण तो लगेच अमलात आला नाही. डेलोसच्या अपोलोला जाणारं नगराचं जहाज खटल्याच्या आदल्याच दिवशी फुलांनी सजवलं होतं. ते परत येईपर्यंत नगर शुद्ध ठेवायचं, कुणालाही देहदंड द्यायचा नाही, असा नियम. देव न मानल्याबद्दल दोषी ठरलेला माणूस त्यामुळे आणखी सुमारे तीस दिवस तुरुंगात मित्रांशी गप्पा मारत राहिला.