पाहिलं किती, ऐकलं किती

आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, काहीतरी गैर चाललंय असं कानावर आलं, की माणूस दोन भीतींमध्ये सापडतो. बोललो तर निंदा होईल, गप्प बसलो तर पापाला साथ दिल्यासारखं होईल. "ताई, नेमकं काय करू?" हा प्रश्न घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात. त्यांपैकी एका बाईंचा अनुभव त्यांच्या परवानगीनं इथे मांडते. ओळख पटेल असे सगळे तपशील बदलले आहेत.

त्या आल्या त्या झोप लागत नाही म्हणून. उपासनेत प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घ्यायला त्या तीन वेळा जागेवरून उठल्याच नव्हत्या. कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आमचे खजिनदार गरजूंच्या निधीतले पैसे खातात आणि तेच पुढे बसून प्रार्थना करतात. माझी खात्री आहे."

मी त्यांना एक कागद दिला आणि तीन रकाने पाडायला सांगितले. स्वतः डोळ्यांनी पाहिलं ते पहिल्यात, दुसऱ्यानं सांगितलं ते दुसऱ्यात, आणि या दोन्हींवरून मनानं जे जोडलं ते तिसऱ्यात. लिहायला बराच वेळ लागला. तिसरा रकाना भरून कागदाच्या मागच्या बाजूला गेला. दुसऱ्यात नवी गाडी होती, "आधीपासूनच तसा माणूस" होतं, कुणीतरी फोनवर सांगितलेलं काहीबाही होतं. पहिल्यात एकच ओळ होती: बँकेच्या पासबुकात एका चेकची रक्कम वजा दिसते, मंडळीच्या वहीत तिची नोंद नाही.

त्या माझ्यावर चिडल्या. "म्हणजे मी खोटं बोलते?"

अजिबात नाही. ती एक ओळ खरी होती आणि तिचं उत्तर मिळायलाच हवं होतं. "जाऊ द्या, प्रभू बघून घेईल" असं म्हणून अशी ओळ पुसून टाकणारी माणसं मला फार भेटतात आणि त्यांचं म्हणणं मला मुळीच पटत नाही. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या १३व्या अध्यायात एक अख्खं नगर देवापासून फिरल्याची बातमी कानी आली तर काय करायचं ते सांगितलं आहे. तिथे एकाच वचनात विचारणं, शोधणं, खोलात जाऊन तपासणं अशी क्रियापदं एकापाठोपाठ येतात. बातमी कानाआड करा असं तिथे म्हटलेलं नाही, आणि ऐकताक्षणी दगड उचला असंही नाही.

त्यांना मी बायबलमधल्या दावीद राजाची आठवण करून दिली. मुलगा अबशालोम याच्या बंडात दावीद जीव घेऊन पळत असताना सीबा खाण्यापिण्याचं सामान घेऊन भेटतो आणि सांगतो, माझा धनी मफीबोशेथ (आधीच्या शौल राजाचा नातू) राज्य मिळेल या आशेनं यरुशलेमेतच थांबला आहे. दावीद थकलेला, दुखावलेला. तिथल्या तिथे तो मफीबोशेथाचं सगळं सीबाला देऊन टाकतो. पुढे मफीबोशेथ समोर येतो. पायांनी अधू, दाढी वाढलेली, राजा गेला त्या दिवसापासून कपडेही न धुतलेले. चाकरानं मला फसवलं, म्हणतो. आता तरी दावीदानं चौकशी करावी! तो म्हणतो, जमीन दोघांत वाटून घ्या. खरं कोण बोलत होतं, हे दावीद विचारतच नाही. आधी एकाचंच ऐकून निकाल, मग अर्धं अर्धं करून सुटका. आपल्या मंडळ्यांतही नेमकं हेच घडतं असं मला वाटतं, आणि त्यात ज्याचं चुकलं नाही तोही अर्धा दोषी होऊन बसतो.

भावाचं चुकलं तर काय करावं हे येशू सांगतो तो मत्तयाच्या शुभवर्तमानाचा १८वा अध्याय त्यांना पाठ होता. एकांतात जा, ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत घे, मग मंडळीला सांग. त्या एकट्या गेल्या आणि आरोप न करता नुसतं विचारलं, "या चेकची नोंद सापडत नाही, कुठे असेल?" खजिनदार भडकले. उत्तर मिळालं नाही.

आता सोबत कुणाला न्यायचं? त्यांच्या मनात दोन मैत्रिणी होत्या, दोघींचं मत आधीच ठरलेलं. मी म्हटलं, साक्षीदार आपली बाजू जड करायला नसतात, दोन्हीकडचं ऐकायला असतात. शेवटी त्यांनी हिशोब कळणारे मंडळीचे एक वडील (कारभार पाहणारे ज्येष्ठ) निवडले, ज्यांच्याशी त्यांचं कधीच पटलं नव्हतं, आणि दुसरे पाळकसाहेब.

निघालं ते असं. मंडळीतल्या एका घरात अचानक दवाखान्याचा खर्च आला होता. खजिनदारांनी कुणालाही न विचारता निधीतून उसने पैसे दिले होते. ठराव नाही, नोंद नाही. काही पैसे परतही आले होते, त्यांचीही नोंद नाही. नव्या गाडीचा याच्याशी काहीएक संबंध नव्हता. पैसे खाल्ले नव्हते, पण जे केलं तेही चुकीचंच होतं. आणि त्या चेकवर दोन सह्या होत्या. दुसरी या बाईंचीच. उपासनेनंतर घाईत कोऱ्या चेकवर सह्या करून ठेवायची तिथली जुनी पद्धत होती.

हे मला सांगताना त्या खूप वेळ गप्प राहिल्या. मीही बोलले नाही.

इथे एक गोष्ट फार कळकळीनं सांगायची आहे. आरोप लहान मुलाशी केलेल्या वाईट वागण्याचा, लैंगिक अत्याचाराचा किंवा मारहाणीचा असेल, तर ही वाट धरू नका. सोसलेल्या व्यक्तीला "आधी एकांतात जाऊन त्याच्याशी बोल" असं सांगणं क्रूर आहे. आधी तिला सुरक्षित करा, पोलिसांना कळवा. तपास करणं त्यांचं काम आहे. "दोन साक्षीदार आणा" म्हणून तिचं तोंड बंद करणाऱ्यांनी बायबलमधल्या १ तीमथ्य या पत्राच्या ५व्या अध्यायातलं १९वं वचन, वडिलांवरचा आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नको म्हणणारं, वाचून थांबू नये. २०वं वचन पाप करणाऱ्या वडिलांचा दोष सर्वांसमोर दाखवायला सांगतं, २१वं पक्षपात करू नको म्हणतं.

खजिनदारांनी पद सोडलं. हिशोब मंडळीपुढे वाचला गेला, कोऱ्या सह्या बंद झाल्या. बाईंना मात्र अजून एक काम उरलं होतं. चौकशीच्या आधी त्यांनी "पैसे खातात" असं दोघींना सांगितलं होतं. त्या दोघींकडे जाऊन त्यांनी खरं काय ते सांगितलं, तेव्हा एक म्हणाली, "अगं, पण मी तर ते पुढे सांगून बसले." कुणाकुणाला, ते विचारून त्यांनी नावं लिहून घेतली. आमच्या शेवटच्या भेटीत ती यादी त्यांच्या पर्समध्ये होती. सात नावांवर खूण झाली होती, आठव्या घरी त्या त्याच संध्याकाळी जाणार होत्या.