वाचकांचे प्रश्न : गाठ वृषणात, मग छेद जांघेत का?

प्रश्न : मी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वृषणात कर्करोगाची शंका असेल तर वृषणकोशावर छेद घ्यायचा नाही आणि सुई घालूनही तपासायचं नाही, असं वॉर्डात सांगितलं. गाठ तर हाताला सहज लागते. मग ही मनाई कशासाठी?

उत्तर : वृषण जिथे दिसतं तिथलं ते मूळचं नव्हे. गर्भात ते पोटाच्या मागच्या भिंतीशी, मूत्रपिंडाजवळ तयार होतं आणि नंतर खाली उतरतं. उतरताना स्वतःच्या रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या (पेशींभोवतीचा द्रव, म्हणजे लसिका, वाहून नेणाऱ्या नळ्या) वरूनच घेऊन येतं. त्यामुळे त्याची लसिका थेट महाधमनीलगतच्या लिम्फ नोडकडे (लसिका गाळणाऱ्या गाठींकडे) जाते. वृषणकोशाच्या कातडीची लसिका मात्र जांघेतल्या नोडकडे जाते. कोशातून सुई किंवा सुरी घातली की या दोन वाटा एकमेकींना जोडल्या जातात, पेशी कातडीत सांडण्याचा धोका राहतो. म्हणून जांघेतून छेद घेतात, स्पर्मॅटिक कॉर्डला (वृषणाच्या रक्तवाहिन्या आणि शुक्रनलिका असलेल्या दोरीला) आधी क्लॅम्प लावतात, मगच वृषण बाहेर काढतात आणि कॉर्ड डीप इंग्वायनल रिंगपाशी (कॉर्ड पोटात शिरते त्या छिद्रापाशी) बांधून कापतात. वृषण हलवण्याआधी क्लॅम्प का, हे व्हायवात (तोंडी परीक्षेत) हमखास विचारतात : हाताळणीने पेशी वरच्या रक्तप्रवाहात जाऊ नयेत म्हणून.

सोनोग्राफीत वृषणाच्या आत घट्ट गाठ दिसली की एफएनएसी (सुईने पेशी काढून तपासणी) लिहून टाकायची सवय इथे पूर्ण सोडा. आधी रक्त घ्या : एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच (या कर्करोगात रक्तात वाढू शकणारे पदार्थ). ऑपरेशननंतर हेच परत तपासतात. एएफपीचं अर्धायुष्य 5 ते 7 दिवस, एचसीजीचं साधारण दीड दिवस. पातळी या वेगाने उतरली नाही तर आजार कुठेतरी शिल्लक आहे असं समजायचं. रिपोर्टवर शुद्ध सेमिनोमा (वृषणाच्या कर्करोगाचा एक प्रकार) आणि एएफपी मात्र वाढलेलं, असं असेल तर तो रुग्ण नॉन-सेमिनोमा म्हणूनच हाताळतात, कारण शुद्ध सेमिनोमा एएफपी बनवत नाही.

घोटाळा कुठे होतो? बहुतेक रुग्ण तरुण, गाठ न दुखणारी, त्यात लाज. कधी सभोवती पाणी साठतं आणि हायड्रोसील म्हणून सोडून दिलं जातं. कधी एपिडिडिमायटिस (वृषणामागच्या नळीचा दाह) समजून अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स चालतात. एका कोर्सने सूज पूर्ण गेली नाही तर सोनोग्राफी हवीच. आणि केमोथेरपीआधी वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल रुग्णाशी बोला. सिस्प्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधामुळे हा आजार पसरलेला असतानाही बहुतेकदा बरा होतो. त्या मुलाला पुढे संसार करायचा आहे, हे उपचार ठरवतानाच लक्षात घ्यायला हवं.

प्रश्न : 68 वर्षांच्या रुग्णाला लघवी तुंबली म्हणून कॅथेटर घातला, दुसऱ्या दिवशी रक्तातला पीएसए (प्रोस्टेट ग्रंथी बनवते ते प्रथिन) 9 आला. कर्करोग म्हणायचा का?

उत्तर : एवढ्यावरून नाही. पीएसए प्रोस्टेटचा आहे, कर्करोगाचा नव्हे. लघवी तुंबणं, जंतुसंसर्ग, कॅथेटर, यांपैकी कशानेही तो चढतो. बोटाच्या तपासणीत काही घट्ट लागत नसेल तर 4 ते 6 आठवड्यांनी पुन्हा करा. रुग्ण सहा महिन्यांहून जास्त फिनास्टेराइड (प्रोस्टेट आकसवणारं औषध, याने पीएसए निम्म्यावर येतो) घेत असेल तर आलेला आकडा दुप्पट धरा. हा प्रश्न विचारायचा राहून जातो, आणि खरा वाढलेला पीएसए नॉर्मल वाटतो.

प्रोस्टेटची कर्करोग नसलेली साधी वाढ होते ती मूत्रनलिकेभोवतीच्या ट्रान्झिशन झोनमध्ये, म्हणून लघवीचा त्रास लवकर होतो. कर्करोग बहुतांशी मागच्या पेरिफेरल झोनमध्ये होतो, म्हणून सुरुवातीला लक्षणं नसतात, पण गुदमार्गातून बोटाला लागू शकतो. निरोगी ग्रंथी अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मांसल भागासारखी लागते. टणक, खडबडीत भाग लागला तर पीएसए कितीही असो, पुढे जा : आधी एमआरआय, मग बायॉप्सी.

बायॉप्सीत ग्लीसन (कर्करोग किती आक्रमक दिसतो याचे गुण) 3+4 आणि 4+3 दोन्ही सातच, पण पहिला आकडा जास्त प्रमाणात दिसणाऱ्या पॅटर्नचा असतो. म्हणून 3+4 हा ग्रेड ग्रुप 2, 4+3 हा ग्रेड ग्रुप 3, आणि दुसऱ्याचं भवितव्य वाईट.

प्रश्न : प्रोस्टेटच्या कर्करोगात टेस्टोस्टेरॉन उतरवणाऱ्या एलएचआरएच अ‍ॅगोनिस्टच्या इंजेक्शनआधी बायकॅलुटामाइडच्या (टेस्टोस्टेरॉनचा परिणाम रोखणाऱ्या) गोळ्या का?

उत्तर : इंजेक्शननंतर सुरुवातीला टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं. मणक्यात मेटास्टॅसिस (पसरलेला कर्करोग) असेल तर तेवढ्यात मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. पाय आधीच लुळे पडत असतील तर डेगारेलिक्स (ही सुरुवातीची वाढ न करणारं इंजेक्शन) किंवा दोन्ही वृषणं काढणं बरं. दुसऱ्या मार्गाने टेस्टोस्टेरॉन काही तासांत खाली येतं. अशा रुग्णाला पाठदुखीसोबत पायात अशक्तपणा आला किंवा लघवी तुंबली, तर डेक्सामेथासोन (सूज कमी करणारं स्टेरॉइड) लगेच सुरू करा आणि पूर्ण मणक्याचा एमआरआय त्याच दिवशी करून घ्या.