ॲप एक सांगतं, बातमी दुसरं आणि आभाळ तिसरंच करतं. मग हवामानाचा अंदाज पाहायचा तरी कशाला?

प्रश्नकर्त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : फोनमधल्या ॲपवर पावसाची शक्यता ४० टक्के होती, बातमीत 'मुसळधार' आलं होतं, ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये तर थेट प्रलय होता. प्रत्यक्षात थेंबही पडला नाही. विश्वास ठेवायचा कोणावर, की हे सगळं पाहणंच बंद करायचं?

बंद करू नका. रोज सकाळी हवामान, बातम्या आणि इंटरनेटवर काय फिरतंय यावर चार ओळी लिहायची मला बरीच जुनी सवय आहे. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. अंदाज करणारे बहुतेक वेळा आपलं काम चोख करतात. तो अंदाज आपल्यापर्यंत येईतो वाटेत काहीतरी गळून पडतं, आणि गळतं ते नेमकं महत्त्वाचं.

आधी ते ४० टक्के. दिवसाच्या ४० टक्के वेळात पाऊस पडेल किंवा शहराच्या ४० टक्के भागात पडेल, असे दोन्ही अर्थ लोक सर्रास काढतात. अर्थ साधा आहे. तुम्ही आहात त्या ठिकाणी, त्या ठरावीक वेळेत, मोजता येण्याइतका पाऊस पडण्याची शक्यता दहात चार. 'मोजता येण्याइतका' म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या हिशेबाने ०.०१ इंच, म्हणजे जेमतेम पाव मिलिमीटर. पाऊस किती पडेल, किती वेळ पडेल, याबद्दल हा आकडा काहीच बोलत नाही. ९० टक्के शक्यतेची नुसती रिपरिप असू शकते आणि ३० टक्के शक्यतेचा झोडपून काढणारा पाऊसही असू शकतो. त्यामुळे एक कोरडा दिवस गेला म्हणून ४० टक्के चुकले असं होत नाही. ४० टक्के सांगितलेले पुष्कळ दिवस एकत्र घ्यायचे आणि त्यातल्या साधारण दहापैकी चार दिवशी पाऊस झाला का ते बघायचं. या आकड्याची परीक्षा घ्यायची ती अशीच.

हा आकडा येतो कुठून, हे कळलं की त्याच्याबद्दलचा राग बराच ओसरतो. १९६१ साली एडवर्ड लॉरेन्झ हे अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ संगणकावर हवामानाचं एक छोटं गणित चालवत होते. एक जुनी धाव, म्हणजे ते गणित आधी एकदा चालवलेलं, पुन्हा पाहायची म्हणून त्यांनी छापून आलेले आकडे मध्यापासून परत टंकले. संगणकाच्या पोटात ०.५०६१२७ होतं, कागदावर फक्त ०.५०६ छापलेलं. तेवढ्या फरकाने गणितातल्या दोनेक महिन्यांत हवामान पूर्ण वेगळं झालं, पहिल्या धावेशी त्याचा काही मेळच राहिला नाही. खऱ्या वातावरणाची आत्ताची स्थिती तर कोणालाच इतक्या दशांशांपर्यंत माहीत नसते. म्हणून अंदाज करणाऱ्यांनी एकाच उत्तराचा हट्ट सोडला. युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ हे हवामान अंदाजाचं केंद्र १९९२ पासून सुरुवातीची स्थिती किंचित किंचित बदलून तेच गणित पुन्हा पुन्हा चालवतं. आज अशा ५१ धावा होतात. त्यातल्या वीसेक धावांमध्ये तुमच्या भागात पाऊस दिसला तर शक्यता ४० टक्क्यांच्या आसपास येते. प्रत्यक्षात त्यावर आणखी संस्कार होतात, पण गाभा हाच.

दोन ॲपांचं जमत नाही त्याचं कारणही इथेच आहे. एक ॲप युरोपच्या मॉडेलवर, म्हणजे वरच्या केंद्राच्या गणितावर चालतं, दुसरं अमेरिकेच्या जीएफएस नावाच्या मॉडेलवर. युरोपचं मॉडेल पृथ्वीवर साधारण ९ किलोमीटरच्या चौकटींची जाळी टाकतं, जीएफएस साधारण १३ किलोमीटरची. दुपारी उठणारा गडगडाटी ढग यापेक्षा लहान असू शकतो, तो जाळीतून सहज निसटतो. त्यात ॲपला अख्ख्या दिवसासाठी एकच चित्र दाखवायचं असतं. पहाटे तासभर पाऊस आणि मग दिवसभर लख्ख ऊन असलं तरी चित्र ढगाचंच येऊ शकतं. मी ते चित्र बघतच नाही, तासातासाचे आकडे उघडते. तेही उद्या-परवापुरते. तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत हवामानाचा साधारण कल कळतो, आठवड्यापुढे फार तर गारवा वाढणार की उकाडा, एवढंच. दहाव्या दिवशी दुपारी तीन वाजता पाऊस दाखवणारा आकडा स्क्रीनवर कितीही ठाम दिसला तरी त्यावर बेत आखू नका.

आता बातम्या आणि फॉरवर्ड. मला खरी चीड येते ती इथे. जीएफएस दिवसातून चार वेळा चालतं आणि त्याचे नकाशे कोणालाही फुकट बघता येतात. ही फार चांगली गोष्ट आहे. पण दहा दिवस पुढच्या नकाशात एखाद्या धावेत भयंकर वादळ दिसतं आणि पुढच्याच धावेत ते गायब असतं. फिरतो तो वादळवाला नकाशा. अशा नकाशावर एका कडेला बारीक अक्षरात दोन वेळा लिहिलेल्या असतात : 'इनिट' म्हणजे गणित कधी सुरू झालं आणि 'व्हॅलिड' म्हणजे चित्र कोणत्या क्षणाचं आहे. दोन्ही वेळा सहसा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असतात, आपल्या घड्याळात नाही. स्क्रीनशॉट काढताना नेमकी हीच पट्टी कापली जाते. उरतो जांभळा-लाल भोवरा, त्याला ना तारीख ना वेळ.

अधिकृत चित्रांचंही असंच होतं. अमेरिकेचं राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्र वादळाच्या मार्गाभोवती एक पांढरा शंकू काढतं. वादळाचं केंद्र त्या शंकूत राहण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश असते, आणि शंकूची रुंदी आधीच्या पाच वर्षांतल्या चुकांवरून ठरते. वादळाचा आकार त्यात दाखवलेलाच नसतो. तरी टीव्हीवर तो बघून 'आपण शंकूच्या बाहेर आहोत' म्हणून लोक निवांत बसतात, आणि वारा-पाऊस त्यांच्यापर्यंत पोहोचतोच.

फोटोंची तऱ्हा आणखी वेगळी. पाण्याखाली गेलेल्या रस्त्यावर पोहणारा शार्क तुम्हीही पाहिला असेल. २०११ च्या आयरीन वादळात तो प्वेर्तो रिकोतला म्हणून फिरला, २०१७ च्या हार्वे वादळात ह्यूस्टनचा म्हणून. मुळात तो शार्क दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रातला, २००५ साली छापून आलेल्या एका छायाचित्रातला, कयाक नावाच्या छोट्या होडीच्या मागे पोहणारा. तो उचलून रस्त्यावर चिकटवलेला. मग २०२२ साली इयन वादळात फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सचा एक व्हिडिओ आला. कोणाच्या तरी परसातल्या साचलेल्या पाण्यात एक मोठा काळसर मासा पाठीवरचा पर उंचावून तडफडत होता. 'तोच जुना शार्क' म्हणून अनेकांनी तो हसण्यावारी नेला. पण मूळ फाइलची तारीख-वेळ तपासली गेली आणि व्हिडिओ खरा निघाला. तो शार्कच होता की दुसरा कुठला मोठा मासा, यावर तज्ज्ञांचं एकमत झालं नाही, ती गोष्ट वेगळी. म्हणून 'हे शक्यच नाही' असं पोटातून वाटणं हा पुरावा धरू नका. कधीचं, कुठलं, कोणी काढलेलं, हे दर वेळी नव्याने विचारावं लागतं. लांडगा आला रे आला ऐकून कान किटले की खरा इशाराही लोक सरकवून टाकतात. इंटरनेटवरच्या हवामानाचं मला सगळ्यात जास्त भय वाटतं ते याचंच.

पुढच्या तास-दोन तासांसाठी मात्र मी मॉडेल बाजूला ठेवते आणि रडारचं हलतं चित्र बघते. पावसाचा पट्टा कुठून कुठे सरकतोय ते डोळ्यांनी दिसतं. एवढं ध्यानात ठेवा की रडारचा झोत जसजसा लांब जातो तसतसा उंच जातो. त्यामुळे लांबवर दिसणारा पाऊस वर हवेत असतो आणि कोरड्या हवेत तो जमिनीवर येण्याआधीच विरू शकतो. स्क्रीनवर पावसाचा हिरवा रंग आणि अंगण कोरडं, असं झालं तर रडार बिघडलेलं नसतं.

राहिला प्रश्न किती टक्क्यांना हालचाल करायची. याचं उत्तर कोणतंही ॲप देणार नाही, कारण तुमचं काय पणाला लागलंय ते त्याला माहीत नसतं. ३० टक्के पावसाला मी वाळत घातलेले कपडे आत आणत नाही. नदीला पूर येण्याची शक्यता ३० टक्के असती तर घरातले कागदपत्र, औषधं आणि म्हातारी माणसं मी त्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावर हलवली असती. पूर आला नसता तरी मला त्याचं वाईट वाटलं नसतं, आणि पुढच्या ३० टक्क्यांनाही मी तेच केलं असतं.