बायझंटाइन सम्राटांची नावं मराठीत ग्रीक वळणाने लिहावीत की लॅटिन?

तुम्ही बायझंटाइन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलहून चाललेल्या पूर्व रोमन साम्राज्याच्या सम्राटांवर लेखमाला लिहिताय आणि 'अलेक्सियस कॉम्नेनस' लिहू की 'अलेक्सिओस कोम्निनोस' असं विचारलंय. ग्रीक लिहा. निदान सातव्या शतकापासून पुढच्या सम्राटांसाठी तरी दुसरा विचारच करू नका. याच विषयावरून माझं एका संपादकांशी चांगलंच वाजलं होतं, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी मी आना कोम्निनीवर लेख लिहिला. सम्राट पहिला अलेक्सिओस (१०८१–१११८) याची ही थोरली मुलगी. तिचा नवरा निकिफोरोस व्रिएनिओस सेनापती होता आणि इतिहासकारही. त्याने हाती घेतलेला इतिहास अपुराच राहिला आणि तो गेला, तेव्हा आनाने लेखणी उचलली आणि बापाच्या कारकिर्दीवर पंधरा भागांचा 'अलेक्सियाड' लिहिला. नाव 'इलियड'च्या धर्तीवर, आणि भाषा बोलीतली नव्हे, तर तिच्याही दीड हजार वर्षं आधीच्या अथेन्सच्या ग्रीकचं वळण मुद्दाम गिरवलेली. माझा सगळा लेख या बाईच्या ग्रीक अभिमानाबद्दल होता.

संपादकांनी मला न विचारता झाडून सगळी नावं लॅटिन करून टाकली. निकिफोरोस व्रिएनिओसचा 'निसेफोरस ब्रायेनियस' झाला. 'कोम्निनी' ही त्यांना टायपिंगची चूक वाटली, म्हणून तिला बापाचं आडनाव जसंच्या तसं लावून 'आना कॉम्नेनस' केलं. ग्रीकमध्ये आडनाव लिंगाप्रमाणे बदलतं. बाप कोम्निनोस, लेक कोम्निनी. लॅटिनमध्येसुद्धा ती 'कॉम्नेना' होते. म्हणजे जे छापलं ते धड ग्रीक नाही आणि धड लॅटिनही नाही. त्यातून वंशावळीची चौकट दुसऱ्याच कोणी लावलेली, तिथे माझी मूळ रूपं तशीच राहिली. अंक बाहेर पडल्यावर एका वाचकाचं पत्र आलं, आनाने दुसरं लग्न कधी केलं म्हणून! लेखातला निसेफोरस आणि वंशावळीतला निकिफोरोस हे त्यांना दोन नवरे वाटले. त्यांचा काहीच दोष नाही. पण नवऱ्याचं अर्धं राहिलेलं काम पुरं करायला बसलेल्या बाईच्या गळ्यात आम्ही दुसरा नवरा बांधला, याचा मला आजही संताप येतो.

फोनवर संपादकांचे दोन मुद्दे होते. पहिला, वाचकाला इंग्रजीत शोधलं तर सापडलं पाहिजे. हा मुद्दा कधीच निकालात निघालाय. 'कॉम्नेनस' ही इंग्रज इतिहासकार गिबनच्या काळची, अठराव्या शतकातली सवय. १९९१ साली आलेल्या ऑक्सफर्डच्या तीन खंडी बायझंटाइन कोशात आडनावं ग्रीक आहेत आणि आता बहुतेक अभ्यासक तसंच लिहितात.

दुसरा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो. ते लोक स्वतःला रोमन म्हणवत, मग नावं लॅटिनच हवीत. अहो, रोमन म्हणवत, पण कुठल्या भाषेत? ग्रीकमध्येच! 'रोमेई', म्हणजे रोमन, हा त्यांचा स्वतःसाठीचा शब्द. अलेक्सिओसने १०९२ मध्ये चलन सुधारून सोन्याचं नवं नाणं काढलं. त्याच्या एका बाजूला सिंहासनावर ख्रिस्त आणि 'प्रभो, साहाय्य कर' अशी प्रार्थना, दुसऱ्या बाजूला सम्राट आणि कोणाला साहाय्य करायचं त्याचं नाव. सगळं ग्रीकमध्ये, आडनावासकट. माणसाने स्वतःच्या सोन्यावर आपलं नाव कोरून ठेवलंय, आणि आपण ते पश्चिम युरोपातल्या पंडितांना विचारून लिहायचं? इंग्रजांनी शिंद्यांचं 'सिंदिया' केलं म्हणून मराठी पुस्तकात कोणी 'महादजी सिंदिया' छापलं तर आपण खपवून घेऊ का?

आता तुमच्या कामाचं. इंग्रजीतला 'सी' की 'के' (Comnenus की Komnenos) हा वाद देवनागरीत उरतच नाही. आपल्यापुढचा खरा प्रश्न अक्षराबरहुकूम लिहायचं की उच्चाराप्रमाणे, हा आहे. मी उच्चाराच्या बाजूने आहे. अकराव्या-बाराव्या शतकापर्यंत ग्रीक उच्चार आजच्या ग्रीकच्या बरेच जवळ आले होते. जुना 'ब' तोपर्यंत 'व' झाला होता, म्हणून इंग्रजीतला 'बॅसिल' आपल्याकडे वासिलिओस. जुना दीर्घ 'ए' हा 'ई' झाला होता, म्हणून कोम्निनोस. शेवटच्या घराण्याचं नाव इंग्रजी स्पेलिंगवरून 'पालायओलोगोस' असं लिहिलेलं मी पाहिलंय. तो उच्चार त्या काळी कोणी करत नव्हतं. पालेओलोगोस लिहा.

जस्टिनियनला (५२७–५६५) मात्र हात लावू नका. त्याची मातृभाषा लॅटिन, नाण्यांवरची अक्षरं लॅटिन, कायद्याची संहिता लॅटिन. माझी रेघ इराक्लिओसपाशी (६१०–६४१). ६२९ मध्ये त्याने 'वासिलेफ्स' (राजा) ही ग्रीक पदवी अधिकृतपणे घेतली. त्याचं हेराक्लियस हे रूप पहिल्यांदा कंसात द्या, पुढे गरज नाही. कॉन्स्टंटाइन हे नावही राहू द्या, कारण १४५३ आणि कॉन्स्टँटिनोपल आपल्याकडे शाळेच्या पुस्तकापासून डोक्यात बसलेलं असतं. म्हणून 'अकरावा कॉन्स्टंटाइन पालेओलोगोस'. यात पहिलं नाव रुळलेलं आणि आडनाव ग्रीक अशी सरमिसळ होते हे खरं, पण ऑक्सफर्डचा कोशही तेच करतो.

दोन गोष्टी राहिल्या. नावं ग्रीक लिहिली म्हणून 'ग्रीक सम्राट' असं लिहू नका. ९६८ मध्ये पोपच्या दूतांनी सम्राट निकिफोरोस फोकासला 'ग्रीकांचा सम्राट' संबोधणारं पत्र आणलं, तर त्यांना थेट तुरुंगात टाकलं होतं. आणि १२०४ ते १२६१ या काळात कॉन्स्टँटिनोपलच्या गादीवर बसलेले बाल्डविन वगैरे सम्राट पश्चिम युरोपातून आलेल्या धर्मयोद्ध्यांपैकी. त्यांना यातलं काही लागू नाही.

लेख देताना नावांची यादी वेगळ्या पानावर जोडा, बायकांची आडनावं तीत ठळक करा, आणि नाव बदलायचं तर आधी विचारा असं संपादकांकडून लेखी घ्या. प्रूफं मागाल तेव्हा वंशावळी, नकाशे आणि चित्रांखालच्या ओळींचीही मागा.