अंगठ्याचं लिगामेंट शिवल्यानंतर

बाईकवरून पडून उजव्या अंगठ्याचं लिगामेंट तुटलं. तीन आठवड्यांपूर्वी ऑपरेशन झालं. आता दुखत नाही. स्प्लिंट काढून लोकलने कामावर जाऊ का? (मुलुंड)

कामावर जा, पण स्प्लिंट काढू नका. दुखणं आधी थांबतं, शिवलेलं लिगामेंट (दोन हाडांना बांधून ठेवणारा पट्टा) मात्र अजून कच्चं असतं. तर्जनीच्या बाजूचं हे लिगामेंट पूर्ण तुटलं की त्याचं टोक कधी कधी शेजारच्या स्नायूच्या पडद्याबाहेर अडकतं. स्वीडनचे सर्जन बर्टिल स्टेनर यांनी १९६२ मध्ये हे दाखवून दिलं. मध्ये पडदा आल्यावर नुसत्या प्लास्टरने ते जुळत नाही, म्हणून शिवावं लागतं. त्यानंतर साधारण चार ते सहा आठवडे आधार लागतो. नेमकी मुदत तुमचे सर्जन सांगतील.

गर्दीच्या गाडीत त्या हाताने दांडा धरू नका. एक हिसका बसला की अंगठा बोटांपासून बाहेर ताणला जातो, आणि लिगामेंट तुटलं ते याच ताणाने. डाव्या हाताने धरा, शक्य असेल तर गर्दीची वेळ टाळा. स्प्लिंटमधून नखाकडचा सांधा मोकळा असेल, तर तो दिवसातून अनेकदा वाकवा. बाकीची बोटं, कोपर, खांदाही हलते ठेवा.

सहा आठवड्यांनी स्प्लिंट निघाली, पण अंगठा वाकतच नाही. ऑपरेशन फसलं का? पोळ्या कधी लाटू? (गिरगाव)

फसलेलं नाही. इतके दिवस बांधून ठेवलेला सांधा आखडणारच. जखम भरली असेल तर कोमट पाण्यात हात ठेवून अंगठा स्वतःच्या ताकदीने वाकवा आणि सरळ करा. एकदाच तासभर करण्यापेक्षा थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. व्रणावर बोटाने गोल चोळलं की खालची कातडी मोकळी होते.

कळकळीने सांगते, कुणालाही अंगठा ओढायला किंवा ‘मोकळा करून’ द्यायला देऊ नका. घरच्यांनाही नाही आणि मालिशवाल्यालाही नाही. पुढे-मागे वाकणं चालेल, बाहेरच्या बाजूला ढकलणं नाही.

खरा ताण चिमटीत येतो. कपडे पिळणं, घट्ट झाकण उघडणं, जड किल्ली फिरवणं, कणीक मळणं ही कामं आत्ता नकोत. हलकी चिमूट साधारण आठव्या आठवड्यापासून, तीही सर्जन किंवा हँड थेरपिस्टनी तपासल्यावर. तळव्यांनी हलकं लाटणं त्याआधी जमेल, पण पोळपाट उचलायचं काम दुसऱ्याला द्या. जोराची कामं सुमारे तीन महिन्यांनी. सूजही काही महिने रेंगाळते. शेवटी अंगठा थोडा कमी वाकला तरी चालतं. सैल अंगठ्यापेक्षा जरासा ताठ, पण घट्ट अंगठा कामाचा.

अंगठ्याची मागची बाजू बधिर वाटते. (परळ)

तिथून जाणारी बारीक नस ऑपरेशनमध्ये ताणली जाते. बहुतेकदा काही आठवड्यांत-महिन्यांत संवेदना परत येते. सर्जनना मात्र सांगा. आग होणं, कातडीचा रंग बदलणं, सूज वाढत जाणं यांपैकी काही असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. पू किंवा ताप असेल तर त्याच दिवशी दाखवा.

मुलगा शिवाजी पार्कला विकेटकीपिंग करतो. परत कधी? (दादर)

सहसा तीन महिन्यांच्या आत नाही. आधी सांध्याची घट्टाई आणि दोन्ही हातांची चिमटीची ताकद तपासून घ्या. मग टेनिस बॉल, मग टेप लावून सीझन बॉल. निवड चाचणी आधी आली, तर ही एक सोडून द्यावी.