दहावीला ९३ टक्के, मग अकरावीत फिजिक्स का अडतं?

"मॅडम, ही रोज सहा-सहा तास बसते हो, पण पेपर हातात आला की काही सुचतच नाही तिला." अकरावीची पहिली चाचणी झाली की ठाणे-नवी मुंबईतले पालक हेच वाक्य घेऊन येतात. ही आई ऐरोलीहून आली होती. मुलीला दहावीला ९३ टक्के, फिजिक्सच्या चाचणीत २५ पैकी ७.

वही मागवली. पिवळ्या-गुलाबी हायलायटरने रंगलेली, अक्षर मोत्यासारखं, खाडाखोड कुठेच नाही. सरावाच्या वहीत खाडाखोड नसेल तर शंका घ्यावी: गणित सुटलेलं नसतं, उतरवलेलं असतं.

मग बारा कार्डं दिली, प्रत्येकावर एक गणित. "सोडवू नकोस, फक्त सारखी वाटतील त्यांचे गठ्ठे कर." तिने उताराचा गठ्ठा केला, पुलीचा, दोरीचा, स्प्रिंगचा. म्हणजे चित्रं जुळवली. घर्षण नसलेल्या ५ मीटर उंच उतारावरून घसरणारा ठोकळा, ५ मीटर उंचीवरून खाली झुलणारा पेंड्युलम आणि तेवढ्याच उंचीवरून सोडलेला दगड ही तीन कार्डं तीन ठिकाणी पडली. तिन्हींत स्थितिज ऊर्जेची गतिज ऊर्जा होते, g (गुरुत्वत्वरण) १० धरला तर तिन्हींचा तळाचा वेग सेकंदाला १० मीटर. मिशेलिन ची, फेल्टोविच आणि ग्लेझर या संशोधकांनी १९८१ साली हाच फरक दाखवला होता: नवखे विद्यार्थी गणितं दिसण्यावरून गटात घालतात, तज्ज्ञ त्यामागच्या नियमावरून. म्हणजे बुद्धी दहावीत होती तेवढीच होती, बघण्याची सवय बदलायची होती.

काम असं ठरलं. रोज सहा गणितं, तीही तीन वेगवेगळ्या धड्यांतली, मिसळून. (एकाच धड्याची वीस ओळीने केली की सूत्र कुठलं हे धड्याचं नावच सांगून टाकतं.) पेन उचलण्याआधी एक ओळ: "इथे कोणता नियम, आणि का?" अडलं तरी दहा मिनिटं उत्तराकडे बघायचं नाही. झाल्यावर आधी स्वतःच मार्कांचा अंदाज लिहायचा, मग तपासायचं. चुकांची वेगळी वही: कुठे घसरले, काय समजले होते, पुढच्या वेळी कशावरून ओळखेन. तीच गणितं तीन दिवसांनी आणि पुन्हा दहा दिवसांनी, कोऱ्या कागदावर.

पहिले दोन आठवडे बिघडलेच. "का" च्या जागी ती सूत्रच लिहायची, आणि दहा मिनिटांऐवजी तिसऱ्या मिनिटालाच उत्तरं उघडायची. सहाचं चारावर आणलं, उत्तरांचं पुस्तक आईच्या कपाटात गेलं. चुकांच्या वहीतून एक गोष्ट आयतीच सापडली: 'स्टार्ट्स फ्रॉम रेस्ट' म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य, हे तिला कळतच नव्हतं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांत हे फार दिसतं आणि त्याचं खापर फिजिक्सवर फुटतं.

आईला एकच काम दिलं. "किती तास झाले" हे विचारायचं बंद, त्याऐवजी जेवताना "आज कुठे अडलीस?" पहिल्या आठवड्यात अंदाज १८ आणि खरे मार्क ९ असायचे. दिवाळीनंतरच्या चाचणीत अंदाज १५, मिळाले १४. वहीत आता खाडाखोड भरपूर आहे. आईला ती अजून खटकते.